चावीची खूण लुकलुकते म्हणून ईसीएम गेला, असं होत नाही

प्रश्न थोडक्यात असा: नाशिकमधली २०१३ ची पेट्रोल हॅचबॅक, बाहेरून बसवलेलं सीएनजी किट. पावसाळा सुरू झाल्यापासून सकाळी चावी ऑन केली की मीटरमधली लाल चावीची खूण भराभर लुकलुकते. सेल्फ फिरतो, इंजिन क्षणभर पकडतं आणि बंद पडतं. पाच-सहा वेळा प्रयत्न केल्यावर गाडी सुरू होते आणि मग दिवसभर काही तक्रार नाही. मागच्या वर्षी साध्या चावीची फ्लिप (पातं दुमडणारी) चावी करून घेतली आहे. दुसरी चावी कपाटात आहे, कधी वापरलेली नाही. एका गॅरेजने ‘ईसीएम गेला’, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर गेला, म्हणून ४०,००० रुपयांचा अंदाज दिला आहे. दुसऱ्याने ‘इमोबिलायझर डायरेक्ट करून देतो’, म्हणजे चावी ओळखल्याशिवाय इंजिन चालू न देणारी चोरीविरोधी यंत्रणाच बाजूला करतो, म्हणून ५,००० सांगितले आहेत. काय करावं?

आत्ता यातलं काहीही करू नका. तुमच्या वर्णनातच ईसीएम ठीक असल्याचा पुरावा आहे. इंजिन क्षणभर पकडतं, म्हणजे ईसीएमला करंट मिळतोय, क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे सांगणारा) सिग्नल देतोय, स्पार्क पडतोय, इंजेक्टर उघडतायत. पुढच्या सेकंदाला बंद पडतं ते ईसीएमने मुद्दाम बंद केलं म्हणून. त्याला चावीची ओळख पटल्याचा निरोप मिळालेला नाही. जो भाग नेमून दिलेलं काम बरोबर करतोय, तोच बदलायला तुम्हाला सांगितलंय. निरोप कुठे अडतो ते शोधायचं आहे, आणि तो अडण्याच्या बहुतेक जागा स्वस्त आहेत.

आधी साखळी समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. चावीच्या डोक्यात एक चिप असते. तिला स्वतःची बॅटरी नसते. इग्निशन लॉकच्या तोंडाशी, प्लास्टिकच्या कव्हराखाली, तांब्याच्या बारीक तारेची एक रिंग असते. चावी ऑन केली की ही रिंग साधारण १२५ किलोहर्ट्झवर चुंबकीय क्षेत्र तयार करते, त्यावरच चिप जागी होते आणि आपला कोड पाठवते. हे सगळं काही सेंटिमीटरांच्या अंतरात घडतं. इमोबिलायझर युनिट तो कोड तपासतं आणि ईसीएमला कळवतं, मग ईसीएम इंजिन चालू ठेवतो. म्हणजे कड्या पाच: चिप, रिंग, युनिट, मधली वायर, ईसीएम. या सगळ्यांना लागणारा बॅटरीचा करंट आणि अर्थिंग ही सहावी, आणि तिच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष जातं. रिमोटमधला गोल सेल या साखळीत नाही. तो फक्त दरवाजे उघडायला. चावी फिरवून सुरू होणाऱ्या गाडीत सेल बदलून हा दोष जात नाही, तरी बहुतेक जण पहिला खर्च तोच करतात.

दुसरं, कोणती लाइट ते नक्की करा. चोरीविरोधी म्हणून दोन-तीन वेगवेगळ्या लाइट गाडीत असू शकतात आणि त्यांचा अर्थ कंपनीनुसार बदलतो. टोयोटात चावी काढल्यावर लाल लाइट संथपणे लुकलुकत राहते. ती यंत्रणा जागी असल्याची खूण आहे, बिघाड नव्हे. चावी ऑन केल्यावर ती विझली पाहिजे. ह्युंदाईत चावी ऑन केली की चावीची खूण लागते, इंजिन सुरू झाल्यावर जाते, आणि लुकलुकली तर ओळख पटलेली नाही. होंडात चावी ऑन केल्यावर खूण दोनेक सेकंद लागून विझते. चावी ओळखली नाही तर लुकलुकते. मारुतीच्या काही मॉडेलांत वेगळी खूण नाहीच, चेक इंजिनचा दिवाच लुकलुकतो. म्हणून डॅशबोर्डच्या खणातलं मालकाचं पुस्तक काढा आणि त्यातलं ते पान वाचा. याशिवाय ॲक्सेसरीच्या दुकानात बसवलेलं सेंट्रल लॉक आणि सायरनचं किट असेल, तर त्याची स्वतंत्र छोटी एलईडी डॅशबोर्डवर चिकटवलेली असते. तिचा कंपनीच्या इमोबिलायझरशी काही संबंध नसतो. पण त्या किटने इग्निशनची वायर कापून मध्ये रिले घातला असेल, तर तो रिलेच स्वतंत्र दोष होऊन बसतो. रात्रीबेरात्री सायरन वाजणं हाही वेगळा विषय आहे. त्यात दाराचे स्विच आणि बोनेटच्या लॉकजवळचा स्विच आधी बघायचा, तो धूळ-चिखलाने अडकतो.

आता लक्षणं वेगळी करू, कारण बऱ्याच दोषांचं खापर इमोबिलायझरवर फुटतं. सेल्फ फिरण्याऐवजी नुसता टिकटिक आवाज येत असेल तर आधी बॅटरी आणि टर्मिनल बघा. चालत्या गाडीचं इंजिन सिग्नलवर किंवा हायवेवर बंद पडत असेल, तर कंपनीच्या इमोबिलायझरला जवळपास दोषमुक्त करा. तो ओळख सुरू करतानाच विचारतो, चालू इंजिन बंद करत नाही. तिथे क्रँक सेन्सर, पेट्रोल पंप किंवा इग्निशन स्विच शोधा. पुश बटणाच्या गाडीत बटण दाबल्यावर काहीच होत नसेल, तर मागचे ब्रेक लाइट लागतात का ते कुणाला तरी बघायला सांगा. ब्रेक पेडलचा स्विच गेला तर गाडीला ब्रेक दाबल्याचं कळतच नाही, ती सुरू होत नाही, आणि माणूस चावी खराब झाली असं समजतो. तसल्या गाडीत रिमोटचा सेल मात्र खरोखर महत्त्वाचा असतो. सेल संपला असेल तर रिमोट बटणाला टेकवून धरा आणि दाबा, आतली चिप सेलशिवायही वाचली जाते. काही मॉडेलांत टेकवायची जागा वेगळी, खाचेत किंवा कप होल्डरमध्ये असते. ती पुस्तकात दिलेली असते.

तुमच्या गाडीचं लक्षण मात्र नेमकं इमोबिलायझरचं आहे: खूण लुकलुकते, सेल्फ जोरात फिरतो, इंजिन पकडतं आणि सोडतं. त्यामुळे साखळी तपासायला घेऊ.

सुरुवात बॅटरीपासून. सकाळी त्रास आणि नंतर नाही, हे कमकुवत बॅटरीचंही लक्षण असतं. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर मल्टीमीटर लावा. १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर ती भरलेली आहे, १२.२ असेल तर साधारण निम्मी. खरी परीक्षा सेल्फ मारताना. मीटर लावून ठेवून कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ९.६ च्या खाली गेलं तर बॅटरी किंवा टर्मिनल बदलायच्या लायकीचं झालंय. व्होल्टेज असं पडलं की कंट्रोल युनिट मध्येच रिसेट होतात, त्यांचं आपसातलं बोलणं तुटतं आणि खूण लुकलुकायला लागते. इंजिन सुरू झाल्यावर १३.८ ते १४.५ च्या दरम्यान हवं. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवून पुन्हा सेल्फ मारा. इथे ०.२ ते ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंगची पट्टी गंजलेली किंवा ढिली आहे. हिरवट-पांढरा थर आलेलं टर्मिनल गरम पाण्याने धुऊन, घासून, घट्ट करून बघणं हा या सगळ्या प्रकरणातला सर्वात स्वस्त उपाय आहे. कोकणात आणि मुंबईच्या किनाऱ्याकडे खाऱ्या हवेत हे वर्षातून एकदा करावंच.

बॅटरी ठीक निघाली, तर आता चावी. माझा पहिला संशय इथेच आहे, कारण तुम्ही फ्लिप चावी करून घेतली आहे.

बाजारात फ्लिप चावी करताना जुन्या चावीतली चिप काढून नव्या खोक्यात घालावी लागते. जुन्या खोक्यात तिच्यासाठी अचूक खाच असते, नव्यात ती बहुधा नसते. मग चिप कुठेतरी चिकटपट्टीने लावतात, नाहीतर कापसाच्या बोळ्यात दाबून ठेवतात. वर्षभर खिशात फिरून, पडून-झडून ती चिप जागची हलते. रिंगपासून काही मिलिमीटर दूर गेली किंवा आडवी झाली की सिग्नल काठावर येतो. मग कधी वाचला जातो, कधी नाही. पाच-सहा प्रयत्नांत एकदा गाडी सुरू होणं याच्याशी अगदी जुळतं. काही चाव्यांत चिप सुटी नसते, रिमोटच्या सर्किटवरच असते. ते सर्किट नव्या खोक्यात नीट बसलं नाही, किंवा गरम सोल्डरिंग गनने कुणी त्याला हात लावला, तर तोच प्रकार. काचेच्या नळीतली चिप असेल तर चावी फरशीवर पडून ती तडकते आणि बाहेरून काही दिसत नाही.

तपासायची पद्धत सोपी आहे आणि तिला पैसे लागत नाहीत. कपाटातली दुसरी चावी आणा. तिला कुठलीही कीचेन नको. सलग काही दिवस सकाळी फक्त तिनेच गाडी सुरू करा. एकदाही खूण लुकलुकली नाही तर दोष चावीत आहे आणि ईसीएमचा विषय तिथेच संपला. त्याहून वेगवान खात्री हवी असेल तर असं करा: फ्लिप चावी लॉकमध्ये घाला, दुसऱ्या चावीचं डोकं लॉकच्या तोंडाला अगदी टेकवून धरा आणि मग फ्लिप चावी फिरवा. रिंग जवळची जी चांगली चिप सापडेल ती वाचते. गाडी लगेच सुरू झाली, तर रिंग, युनिट, ईसीएम सगळे ठीक आणि फ्लिप चावीतली चिप नादुरुस्त किंवा हललेली. नाही झाली, तरी लगेच काही ठरवू नका, कारण दोन चिपा एकमेकींच्या आड येऊ शकतात. तेव्हा दुसरी चावी एकटी लॉकमध्ये घालून तिचा निकाल घ्या.

कीचेनचंही बघाच. जाड पितळी गणपती, लोखंडी कडं, दुसऱ्या गाडीची चिपवाली चावी, हे सगळं रिंगजवळ आलं की क्षेत्र बिघडतं. अनेक ऑफिसांची प्रवेशकार्डं याच १२५ किलोहर्ट्झवर चालतात. चावीच्या चामडी पाकिटात असं कार्ड ठेवलेलं असेल तर ते बाहेर काढा. मेट्रोचं कार्ड वेगळ्या फ्रिक्वेन्सीवर चालतं, ते सहसा आड येत नाही.

दुसऱ्या चावीनेही खूण लुकलुकत राहिली, तर संशय रिंगकडे आणि तिच्या कपलरकडे (वायर जोडायच्या प्लगकडे) जातो. इथे ‘पावसाळ्यापासून’ हा तुमचा शब्द फार मोलाचा आहे. दमट हवेत कपलरच्या पिनांवर रात्री ओल धरते, सकाळी संपर्क काठावर असतो, गाडी चालून आत ऊब आली की तो सुधारतो. ड्रायव्हरच्या पायाखालचा गालिचा उचलून हात लावून बघा. ओला लागला तर पाणी कुठून येतं ते शोधल्याशिवाय पुढचं काही दुरुस्त करू नका. काचेच्या खालच्या जाळीत कडुनिंबाची आणि गुलमोहराची पानं साचून पाण्याची वाट बंद होते, आणि ते पाणी डॅशबोर्डच्या मागे फ्यूजबॉक्सवर झिरपतं. एसीच्या पाण्याची नळी तुंबली तरी केबिन ओली होते, पण ते पाणी बहुधा डाव्या बाजूला सापडतं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये पावसाळ्यात उंदीर उबेला इंजिनजवळ येतात आणि वायरिंग कुरतडतात. बोनेटखाली लेंड्या, भुसा किंवा कुरतडलेलं रबर दिसलं तर हार्नेस (वायरींचा जुडगा) हाताने चाचपत शेवटपर्यंत जा.

रिंगपर्यंत पोहोचायला स्टिअरिंगखालचं कव्हर काढावं लागतं. त्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा आणि काही मिनिटं थांबा. त्या भागात पिवळ्या रंगाचे कपलर दिसतील, ते एअरबॅगचे. त्यांना हात लावू नका आणि त्यांच्यावर मल्टीमीटर तर अजिबात नको. ओहम मोजताना मीटर स्वतःचा करंट सोडतं, तेवढ्याने एअरबॅग उडू शकते. हे काम हातात बसलेलं नसेल तर वायरमनकडून करून घ्या, पण आपल्यासमोर. रिंगचा कपलर सुटा करून तिच्या दोन पिनांमध्ये ओहम मोजायचे. मॉडेलनुसार आकडा बदलतो, सहसा काही ओहमपासून काही दहा ओहमपर्यंत येतो. मीटरने ‘ओएल’ दाखवलं तर तार तुटलेली आहे आणि रिंग बदलायची. आकडा आला, तरी वायर हळूहळू हलवत मीटरकडे लक्ष ठेवा. उंची बदलणाऱ्या स्टिअरिंगमध्ये ही वायर वर्षानुवर्षं ओढली जाते आणि आतून तुटते, वरचं आवरण मात्र शाबूत दिसतं. इग्निशन लॉकचं काम आधी कधी झालं असेल तर रिंग जागेवर पूर्ण बसली आहे का, कपलरचा खटका लागला आहे का, हे डोळ्यांनी बघा. अर्धवट बसलेला कपलर हा माझ्या कामात वारंवार सापडणारा दोष आहे. इलेक्ट्रिकल क्लीनरचा फवारा, कोरडी हवा आणि पिनांची पकड घट्ट करणं, एवढ्यावर पुष्कळ गाड्या मार्गी लागतात.

त्यानंतर इमोबिलायझर युनिटला करंट आणि अर्थिंग पोचतं का ते. फ्यूज डोळ्यांनी बघून ‘ठीक आहे’ म्हणू नका, आणि नुसत्या मल्टीमीटरच्या आकड्यावरही विसंबू नका. एकच धागा शिल्लक राहिलेली वायरसुद्धा मीटरला १२ व्होल्ट दाखवते. तिथे २१ वॉटचा बल्ब लावून बघितला की खरं कळतं: बल्ब मंद लागला तर वायर किंवा जोड कमजोर. पण हा बल्ब फक्त करंटच्या आणि अर्थिंगच्या वायरवर. युनिट आणि ईसीएममधल्या सिग्नलच्या वायरवर तो लावला तर तेवढा करंट आतले भाग जाळू शकतो.

सीएनजी किटबद्दल स्वतंत्र सांगतो, कारण महाराष्ट्रात हे फार दिसतं. बाहेरून बसवलेलं किट इंजेक्टरच्या वायरी कापून मध्ये आपलं युनिट घालतं, आणि चावीचा करंट ईसीएमजवळच कुठून तरी उचलतं. ते जोड पिळून चिकटपट्टी मारून केलेले असतील तर दोनेक पावसाळ्यांत सैल होतात. कधीकधी तो उचललेला करंट इमोबिलायझरच्याच फ्यूजवरचा असतो. तुमच्या बाबतीत खूण लुकलुकते आहे, म्हणून फक्त इंजेक्टरच्या जोडाचा दोष नाही हे नक्की. पण किटचा करंट कुठून घेतलाय ते वायर धरून बघाच. पिळलेला जोड दिसला तर तो सोल्डर करून उष्णतेने आकसणारी नळी चढवून घ्या. आणि ही खूण मुळीच लुकलुकत नसताना एखाद्या सकाळी गाडी सुरू झाली नाही, तर त्या दिवशीचा दोष दुसराच धरा.

आता युनिटमध्ये साठलेले बिघाडाचे कोड. काहीशे रुपयांना मिळणारं ब्लूटूथ स्कॅनर इंजिनचे सर्वसाधारण कोड वाचतं, इमोबिलायझरच्या युनिटमध्ये बहुधा शिरत नाही. ‘स्कॅनरमध्ये काही नाही’ हे ऐकलं की कोणतं स्कॅनर होतं, ते विचारा. सर्वसाधारण कोडांत ‘पी०५१३’ म्हणजे चावी चुकीची, आणि ‘यू०१६७’ म्हणजे इमोबिलायझर युनिटशी संपर्क तुटला. ह्युंदाई-कियाच्या जुन्या पद्धतीत कोड अधिक बोलके आहेत. ‘पी१६९०’ म्हणजे स्मार्ट्रा (त्यांचं इमोबिलायझर युनिट) उत्तर देत नाही, ‘पी१६९१’ म्हणजे रिंगचा दोष, ‘पी१६९३’ म्हणजे चिपकडून उत्तर नाही किंवा चुकीचं आलं, आणि ‘पी१६९५’ म्हणजे ईसीएमच्या स्मृतीतला दोष. ‘पी१६९२’ मात्र खुद्द खुणेच्या लाइटच्या सर्किटचा आहे. कोड निघाले की ते लिहून घ्या, फोटो काढा, मगच पुसा. गॅरेजमध्ये पहिल्या मिनिटालाच कोड पुसतात आणि नंतर अंदाजाने भाग बदलत बसतात, याने ग्राहकाचं फार नुकसान होतं.

लाइट स्वतःच बिघडते का? बिघडते, पण तिची लक्षणं निराळी. ज्या गाडीत चावी ऑन केल्यावर ही खूण क्षणभर लागायला हवी, तिथे ती कधीच लागत नसेल आणि गाडी मात्र बिनतक्रार सुरू होत असेल, तर मीटरमधला बल्ब, एलईडी किंवा तिथला सोल्डर गेला आहे. गाडी छान चालते पण खूण विझतच नाही, अशा वेळी युनिटमध्ये जुना कोड साठलेला असतो किंवा तिची वायर कुठेतरी बॉडीला टेकलेली असते. नव्या गाड्यांत ही लाइट वेगळ्या वायरवर नसते, कॅन लाइनवरच्या (गाडीतली युनिट ज्यावर आपसात बोलतात त्या वायरजोडीवरच्या) संदेशावर लागते. तिथे मीटर उघडण्याआधी स्कॅनर. कॅन लाइन असलेल्या गाडीत बॅटरी काढून ओबीडी सॉकेटच्या (स्कॅनर लावायच्या) ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये साधारण ६० ओहम यायला हवेत. १२० आले तर लाइन कुठेतरी तुटली आहे.

मग ईसीएम खरोखर गेला असं कधी म्हणायचं? त्याला येणारे सगळे करंट आणि अर्थिंग बल्ब लावून तपासले, सगळे भक्कम निघाले, तरी चावी ऑन केल्यावर चेक इंजिनचा दिवा लागत नाही, चांगलं स्कॅनर त्याच्याशी बोलू शकत नाही, आणि सेन्सर सुटे करूनही त्याच्याकडून ५ व्होल्ट बाहेर येत नाहीत, तेव्हा. किंवा स्मृतीच्या दोषाचा कोड पुसूनही लगेच परत येतो, तेव्हा. तुमच्या गाडीत यातलं काही तपासलेलं दिसत नाही. अंदाज देणाऱ्याला नम्रपणे विचारा, ‘कोणती मोजणी बघून ईसीएम ठरवला, ते बिलावर लिहून द्याल का?’ आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून जुना ईसीएम आणून बसवायचा विचार असेल तर लक्षात घ्या, तो आपल्या जुन्या गाडीच्या इमोबिलायझरशी बांधलेला असतो. तुमच्या गाडीत तो तसाच लावला तर हीच खूण पुन्हा लुकलुकेल, आणि आता सहाही कड्यांवर संशय येईल.

‘डायरेक्ट करून देतो’ याबद्दल माझं मत ठाम आहे: नको. ईसीएमचं सॉफ्टवेअर बदलून चावी विचारणंच बंद केलं, की लाइटही जाते आणि संरक्षणही. तारा जोडून सुरू होणारी गाडी तुम्ही रोज रस्त्यावर उभी करणार. हे संरक्षण किती मोलाचं आहे ते अमेरिकेत अलीकडे दिसलं. तिथे ह्युंदाई-कियाच्या चावी फिरवून सुरू होणाऱ्या बऱ्याच मॉडेलांत इमोबिलायझर नव्हता. २०२१-२२ मध्ये त्या चोरायची युक्ती सोशल मीडियावर पसरली, शहरोशहरी चोऱ्या झाल्या आणि २०२३ मध्ये कंपन्यांना सॉफ्टवेअर अपडेट द्यावं लागलं. शेजारच्या कॅनडात नव्या गाड्यांना २००७ पासून इमोबिलायझर सक्तीचा, तिथे ती लाट आली नाही. ब्रिटनमध्ये तर ही सक्ती ऑक्टोबर १९९८ पासून आहे. विम्याचाही प्रश्न आहे. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी मूळच्या सगळ्या चाव्या मागते, आणि चोरीविरोधी यंत्रणा काढून टाकलेली निघाली तर दाव्यावर आक्षेप येऊ शकतो. पुण्याच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेने मान्यता दिलेलं चोरीविरोधी उपकरण बसवलं तर आपल्याकडच्या मोटार टॅरिफमध्ये स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर २.५ टक्के, जास्तीत जास्त ५०० रुपये, सूट धरलेली होती. रक्कम छोटी आहे, पण विमावाले या यंत्रणेची दखल घेतात हे त्यातून कळतं.

आणखी दोन गोष्टींपासून लांब राहा. यूट्यूबवर ‘चावी १० मिनिटं ऑन ठेवा, लाइट आपोआप जाईल’ असे व्हिडिओ आहेत. ती पद्धत अमेरिकेतल्या जनरल मोटर्सच्या जुन्या पासलॉक यंत्रणेची आहे. तिच्यात चावीत चिपच नव्हती. तुमच्या गाडीत त्याने फक्त बॅटरी उतरेल. दुसरी आपल्याकडची जुनी सवय: अल्टरनेटर चालतो का हे बघायला चालू इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल काढणं. त्या क्षणी व्होल्टेजचा जो झटका बसतो, त्याने धडधाकट ईसीएम आणि इमोबिलायझर मरतात. कुणी टर्मिनलला हात घालू लागला तर थांबवा.

समजा चिप गेलेली निघाली. मग नवी चिपवाली चावी गाडीशी जुळवावी लागेल. त्यासाठी बऱ्याच गाड्यांना पिन लागतो, जो कंपनीच्या डीलरकडे आरसी आणि ओळखपत्र दाखवून मिळतो. नवी गाडी घेताना चाव्यांसोबत आलेला छोटा धातूचा बिल्ला असेल तर त्यावरचा नंबर जपून ठेवा, पातं कापायला तो लागतो. जुळवताना दोन्ही चाव्या सोबत न्या. अनेक गाड्यांत नवी नोंदणी सुरू झाली की आधीच्या चाव्या पुसल्या जातात, आणि जी समोर नाही ती कायमची बाद होते. तुमच्याकडे दुसरी चावी शिल्लक आहे हे फार चांगलं आहे. एकच चावी उरलेली असती आणि तीही गेली असती, तर खर्च कितीतरी वाढला असता.

उद्या सकाळी गाडीला हात लावण्याआधी उभ्या बॅटरीचं व्होल्टेज घ्या. मग दुसऱ्या चावीने, कीचेनशिवाय, पहिलाच प्रयत्न करा आणि खूण काय करते ते बघा. त्याच वेळी सेल्फ मारताना व्होल्टेज किती खाली जातं तेही टिपा. असं चार-पाच सकाळी करा, रात्री पाऊस होता की नाही हेही शेजारी लिहा. हे आकडे, मॉडेलचं नाव आणि फ्लिप चावी उघडून आतला फोटो पाठवलात, तर पुढे रिंगकडे जायचं की वायरिंगकडे, ते मी नेमकं सांगू शकेन.